तिसऱ्या बाकावरचा प्रश्न

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी बोलताना गाळलेला काही भाग इथं घातला आहे.)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा ते ओघानंच आलं. पण ते मी ऑफिसात रोजच बोलते, आणि तुमच्यापैकी निम्म्या जणांची मुलं त्या विषयात मलाच चार गोष्टी शिकवतील. म्हणून मी विषय बदलून मागितला. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर तुटला. तरीही आज पेशींबद्दल बोलणार आहे, कारण एक उत्तर द्यायचं राहून गेलंय आणि ज्यांना द्यायचं त्या विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

१९९४ चा पावसाळा आठवा. वर्गाच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की बाई बोलायचं सोडून फळ्यावर काढत बसायच्या. त्या दिवशी सूत्री विभाजन होतं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. गुणसूत्रं लाल खडूनं, बाकी सगळं पांढऱ्यानं. आपण मुकाट्यानं वहीत उतरवत होतो, आणि तिसऱ्या बाकावरून ती उभी राहिली. तिचं नाव मी घेत नाही, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणाली, "बाई, एकाचे दोन, दोनाचे चार होत गेले तर माणूस वाढतच राहील की. पेशीला थांबायचं कधी ते कसं कळतं?"

वर्ग हसला. मी पण हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुस्तकात नाही दिलेलं. मलाही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर मला येऊन सांगा."

गेल्या चार वर्षांत मी सुट्टीच्या दिवशी याचंच वाचत होते. का, ते पुढे येईल.

फळ्यावरचं ते चित्र मुळात काढलं वाल्टर फ्लेमिंग नावाच्या जर्मन माणसानं. कील शहरात तो सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी बघत बसायचा. सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या कुळातला प्राणी, आणि त्याच्या पेशी भरपूर मोठ्या असतात. त्या काळात कोळशाच्या डांबरापासून कापड रंगवायचे नवे रंग निघाले होते. ते पेशीवर टाकले की केंद्रकातल्या एका पदार्थाला रंग चढायचा आणि विभाजनाच्या वेळी त्याचे दोरे दिसायचे. दोऱ्याच्या ग्रीक शब्दावरून फ्लेमिंगनं त्या क्रियेला मायटोसिस म्हटलं. १८८२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. क्रोमोसोम हा शब्द मात्र त्याचा नव्हे, तो १८८८ मध्ये वाल्डायर यांनी दिला. फ्लेमिंगनं काय होतं ते इतकं चोख दाखवलं की आपल्या वहीपर्यंत ते फारसं बदललं नाही. हुकूम कोण देतं, हे मात्र रंग टाकून दिसणारं नव्हतं.

त्यानंतरचा माणूस माझा आवडता. थिओडोर बोव्हेरी. हा सी-अर्चिन या काटेरी, गोल समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर काम करायचा. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले तर पहिलंच विभाजन फिसकटतं, एका पेशीच्या तीन-चार पेशी होतात आणि गुणसूत्रांची वाटणी वेडीवाकडी होते. कोणाला एक जास्त, कोणाला एक कमी. अशा पेशींचं पुढे काय होतं ते त्यानं धीरानं बघितलं आणि दाखवून दिलं की नुसता आकडा जुळून भागत नाही, योग्य ती गुणसूत्रं लागतात. १९१४ मध्ये त्यानं एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्यात म्हणणं असं, की कर्करोगाच्या पेशीचं मूळ हेच असावं: वाटणीत चूक झालेली एक पेशी आणि तिची पिलावळ. विभाजनाला चालना देणारे काही घटक गुणसूत्रांवर असतील, काही अडवणारे असतील, आणि अडवणारे हरवले की पेशी बेलगाम होईल. गंमत म्हणजे कर्करोगाच्या गाठींवर त्यानं स्वतः काम केलेलं नव्हतं. लोकांनी फार लक्ष दिलं नाही, आणि पुढच्याच वर्षी तो गेला.

त्याची बायको मार्सेला ओ'ग्रेडी ही अमेरिकन. एमआयटीतून जीवशास्त्रात पदवी घेतलेली पहिली स्त्री. वासर कॉलेजात शिकवत होती, बोव्हेरीकडे संशोधनाला जर्मनीत आली, पुढे दोघांचं लग्न झालं. नवरा गेल्यावर चौदा वर्षांनी, १९२९ मध्ये, तिनं ते पुस्तक इंग्रजीत आणलं. ते केलं नसतं तर जर्मन न येणाऱ्यांपर्यंत ते कधी पोचलं असतं कोणास ठाऊक.

मधली चाळीस वर्षं मी पटकन ओलांडते. एकच गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं १९२० च्या दशकापासून सगळे धरून चालले होते. पुस्तकात ४८, म्हणून सूक्ष्मदर्शकातही ४८ दिसायची. डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला जो हिन चिओ या मूळच्या जावाच्या शास्त्रज्ञानं पेशी फुगवून, नीट पसरवून मोजली, तर ४६ निघाली. आमच्या धंद्यात अशा चुका रोज भेटतात. कोणीतरी कधीतरी लिहिलेला आकडा वीस वर्षं सगळे डोळे झाकून उतरवत राहतात.

आणि इथं एक आपल्या बाजूची बाई येते. कमल रणदिवे. पुण्यातल्या हुजूरपागेची विद्यार्थिनी, माहेरची समर्थ. एमएस्सीला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. मुंबईला पीएचडी झाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी बाहेर, काचेच्या भांड्यात वाढवायचं तंत्र शिकायला गेल्या. परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आपल्या पुस्तकात त्यांचं नाव मी तरी वाचल्याचं आठवत नाही.

जॉर्ज गाय यांचं नाव लक्षात ठेवा, परत लागेल.

आता तिच्या प्रश्नाच्या खऱ्या उत्तराकडे येते. ते सापडलं पावाच्या यीस्टमध्ये. सिएटलमध्ये लेलँड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास यीस्टच्या अशा बिघडलेल्या जाती शोधायला सुरुवात केली, ज्या गारव्यात नीट वाढतात पण तापमान छत्तीस अंशांवर नेलं की विभाजनाच्या मध्येच अडकतात. यीस्टच्या पेशीला कोंब फुटून दुसरी पेशी होते. त्यामुळे कोंब किती मोठा झालाय ते बघून पेशी नेमकी कुठल्या पायरीवर अडकली ते कळतं. अशा एकेका बिघाडावरून त्यांनी विभाजनाचे जनुक एकामागून एक शोधून काढले. यंत्र बंद पाडून ते कसं चालतं ते शोधायचं, ही पद्धत मला फार जवळची वाटते. आम्ही दुसरं काय करतो?

इकडे एडिंबरात पॉल नर्स नावाचा तरुण दुसऱ्या जातीच्या यीस्टवर काम करत होता. हे यीस्ट आफ्रिकेतल्या बिअरमधलं, म्हणून नाव पोंबे. तो वेळेआधीच फुटणाऱ्या, त्यामुळे बुटक्या राहणाऱ्या पेशी शोधत होता. अशा पन्नासेक जाती सापडल्या आणि सगळ्यांत एकच जनुक बिघडलेला. शेवटच्या एका बशीवर बुरशी चढली होती. कंटाळून त्यानं ती कचऱ्यात टाकली आणि घरी गेला. संध्याकाळी मन खाऊ लागलं. पावसात सायकल मारत, चढ चढून परत प्रयोगशाळेत गेला, कचऱ्याच्या डब्यातून बशी काढली आणि पेशी वेगळ्या केल्या. तीच एक जात वेगळी निघाली. तिच्यात बिघडलेला जनुक, सीडीसी-२, हा विभाजनाचा मुख्य चालक ठरला. हार्टवेल यांना पावाच्या यीस्टमध्ये सापडलेला एक चालक हा त्याचाच भाऊ.

पुढची गोष्ट वाचून मी रात्री अकराला नवऱ्याला उठवून सांगितली होती. तो जनुक बिघडल्यामुळे विभाजन बंद पडलेल्या यीस्टमध्ये नर्स आणि मेलनी ली यांनी माणसाच्या डीएनएचे तुकडे घातले. एका तुकड्यानं यीस्ट परत चालू झालं. हे साल १९८७. यीस्ट आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे होऊन शंभर कोटी वर्षं उलटून गेली, आणि सुटा भाग अजून बदलून बसतो! आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीचा कोड नव्या मशीनवर चालत नाही.

तिसरा माणूस टिम हंट. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत, पुन्हा त्याच सी-अर्चिनच्या अंड्यांवर. फलनानंतर अंड्यात कोणती प्रथिनं तयार होतात ते तो बघत होता. बाकीची प्रथिनं वाढत गेली, एक मात्र वाढायचं, आणि विभाजन झालं की एकदम नाहीसं व्हायचं. परत वाढायचं, परत नाहीसं. त्यानं त्याला सायक्लिन म्हटलं. नर्सचा चालक एकटा काही करत नाही, सायक्लिन येऊन चिकटलं की कामाला लागतो. काम झालं की पेशी सायक्लिन मोडून टाकते आणि चालक परत गप्प बसतो. या तिघांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे बाई, तुम्ही आम्हाला "माहीत नाही" म्हणालात तेव्हा निम्मंअर्धं उत्तर जगात तयार होतं, फक्त ते आपल्या गावापर्यंत आलं नव्हतं.

उरलेलं अर्धं थांबण्याचं. हार्टवेल आणि त्यांचे सहकारी टेड वाइनर्ट यांनी यीस्टवर क्ष-किरण सोडले. डीएनएला इजा झाली की पेशी विभाजन थांबवते, दुरुस्ती करते, मग पुढे जाते. एका बिघडलेल्या जातीत मात्र पेशी थांबतच नव्हत्या. तशाच मोडक्या डीएनएनिशी पुढे जायच्या आणि मरायच्या. म्हणजे थांबणं आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळे तपासनाके आहेत.

माणसात असे दोन नाकेदार मोठे. एकाचं नाव आरबी. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या एका कर्करोगाच्या ४८ रुग्णांचा अभ्यास करून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये म्हटलं की त्या जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या की रोग होतो. जनुक प्रत्यक्ष हाती लागला १९८६ मध्ये. बोव्हेरीचा अडवणारा घटक, बहात्तर वर्षांनी. दुसरा पी-५३. डीएनएला इजा झाली की हा पेशीला थांबवतो, आणि फारच बिघडलं असेल तर मरायला लावतो. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हा बिघडलेला असतो.

तर तिच्या प्रश्नाचं उत्तर असं, की प्रश्नच उलटा करायला हवा होता. आपल्या शरीरातली मोठी झालेली पेशी बहुतेक वेळ थांबलेलीच असते. आरबी तिला धरून ठेवतो. तिला कळावं लागतं ते चालायचं कधी, आणि त्यासाठी बाहेरून परवानगी यावी लागते.

हे मी तिला सांगू शकले असते. २०२० मध्ये तिचा फोन आला होता. टाळेबंदीचे दिवस, मुलींच्या शाळेचं, मोबाईलवरच्या वर्गांचं बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "पाळी झाल्यावरही मधेच लाल जातं गं, फार थकायला होतं." मी म्हटलं, "मलाही सगळं पुढेमागे होतंय. चाळिशी आली बाई." दोघी हसलो. मी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं आणि मला माहीतही नव्हतं, पण इंजिनिअर बाईनं सांगितलं म्हणून ती निवांत झाली, हे तिनं नंतर मला स्वतः सांगितलं. रागानं नाही. तिला दाखवायला नेलं तोवर आठ महिने गेले होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग, बराच पसरलेला. २०२१ च्या दिवाळीआधी ती गेली. एकेचाळीस वर्षांची होती.

हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. १९८३-८४ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझन यांच्या गटानं त्याचे १६ आणि १८ हे प्रकार गाठींमध्ये शोधले. त्याबद्दल २००८ चं नोबेल. विषाणूचा माणसाला कर्करोग देण्यात काही फायदा नसतो. त्याला फक्त स्वतःच्या प्रती काढायच्या असतात, आणि त्याची यंत्रणा चालू पेशीतच मिळते. म्हणून तो थांबलेल्या पेशीला जागं करतो. त्याचं एक प्रथिन आरबीला पकडून ठेवतं, दुसरं पी-५३ ला नष्ट करायला लावतं. दोन्ही नाक्यांवर कोणी नाही. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्यांच्यात टिकतो आणि मग दहा, पंधरा, वीस वर्षं घेतो. हा संसर्ग संसार करणाऱ्या कोणाही बाईला होऊ शकतो, पुरुषांनाही होतो. त्यात कुजबुजण्यासारखं काही नाही. तिच्या दहाव्याला दोन बायका कुजबुजत होत्या, म्हणून मुद्दाम माईकवरून सांगते आहे.

आता जॉर्ज गाय. १९५१ च्या सुरुवातीला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय बाई रक्तस्रावाची तक्रार घेऊन आली. गर्भाशयमुखाचा कर्करोग. तिला न विचारता त्या गाठीचा तुकडा गाय यांच्याकडे गेला. त्या पेशी भांड्यात वाढल्या, थांबल्याच नाहीत. ती त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली, एकतीस वर्षांची. तिच्या पेशी हिला या नावानं आजही जगभर वाढताहेत, आणि घरच्यांना कित्येक वर्षं त्याची कल्पना नव्हती. त्या पेशींत एचपीव्ही-१८ निघाला. २००० साली झालेल्या एका प्रयोगात त्या पेशींमधली विषाणूची ती दोन जनुकं बंद केली, तर अर्धशतक बेफाम वाढणाऱ्या पेशी थांबल्या. आरबी आणि पी-५३ तिथंच होते, धडधाकट, नुसते दाबून ठेवलेले. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि हे सगळं दूर कुठं घडलेलं नाही. १९९९ पासून आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्हीची तपासणी, काहींत दुसऱ्या दोन पद्धती, काहींत नेहमीसारखं, म्हणजे तपासणी नाहीच. २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या रोगानं ३४ बायका दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट तीस हजारांच्या वरचे. त्या ६४ जणींवरून पुढे बरीच टीका झाली आणि ती मला पटते. पण आकडा जगभर वापरला जातो, तो आपल्या बायकांचा आहे.

तिच्या आईला ती गाडी आठवते. गावात आली होती, देवळाशेजारी बायका रांगेत बसल्या होत्या, तपासणी झाली, काही नाही म्हणाले. मावशी आज पासष्टीच्या पुढे आहेत, ठणठणीत. ती तेव्हा वीस वर्षांची, नुकतं लग्न झालेली. वयात बसत नव्हती. ती तिशीची झाली तेव्हा तिच्या सासरच्या गावात कोणतीच गाडी आली नाही.

थोडं कामाचं बोलते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं ही तपासणी करून घ्यावी, दुखत काही नाही. मध्येच लाल जात असेल तर मला फोन करू नका, डॉक्टरकडे जा. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी लस आहे. तिच्यात विषाणूचं नुसतं रिकामं टरफल असतं, आतला मालमसाला नाही, त्यामुळे तिच्यापासून रोग होत नाही. परदेशी लस २००६ पासून आहे. पुण्याच्या सिरमच्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या धाकटीला मी आणि आपल्या वर्गातल्या दोघी घेऊन गेलो होतो. सुईला घाबरली आणि नंतर उसाचा रस मागितला. बार्शीला तपासणीसाठी एकत्र जायची गाडी ठरवतो आहोत. दाराशी वही ठेवली आहे, तिच्यात नाव लिहा. नुसता फोन नंबर लिहिला तरी चालेल.

बाई, एवढंच सापडलं. अजून एक. भावाच्या घरी चार दिवस कांदा पेल्यावर ठेवून मुळं आणली आहेत. प्रयोगशाळेतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली स्लाईड लावून ठेवली आहे. आरसा तोच आहे, कोपऱ्यात फुटलेला. फळ्यावर तुम्ही काढलेल्या चारही अवस्था आत सापडतात, पण शोधाव्या लागतात. भोवतालच्या बहुतेक पेशी नुसत्या बसलेल्या दिसतात. पहिल्यांदा तुम्ही बघा, मग आम्ही रांग लावतो. आणि मुलांनो, चहाच्या आधी हात धुवून या, तो लाल रंग कपड्यांवरून जात नाही.